झिरपणारी घागर

उन्हाळा आवडतो असं म्हणणारी आमच्या घरात मी एकटीच. आमचे हे तर होळी झाली की असं तोंड करतात, जणू पुढचं सगळं ऊन त्यांच्या एकट्याच्या नावावर निघालंय. आमच्या संभाजीनगरचं ऊन आहेही तसं खाष्ट. बारा वाजल्यानंतर गल्लीत माणूस दिसत नाही, कूलर नुसताच गरगरतो, आणि नळाला पाणी येण्याचा दिवस सणासारखा वाट बघायला लावून येतो. टाकी भरेपर्यंत शेजारीपाजारी कुणी कुणाशी धड बोलत नाही. तरीसुद्धा वाऱ्यावर कडुलिंबाच्या मोहोराचा तो कडसर गोड वास आला, की मला पडेगावचं ते पत्र्याचं शेड आठवतं, तिथला पहिला उन्हाळा आठवतो, आणि मी विनाकारण खूश होते. यंदाही तो वास आला आहे. ओट्यावरची मोरपंखी बरणी मी काल रिकामी केली, तळाशी उरलेला गेल्या वर्षीच्या लोणच्याचा खार वाटीत काढला, आणि बरणी धुऊन गच्चीत पालथी घातली. त्या बरणीची गोष्ट सांगायची म्हणजे तो सगळा उन्हाळाच सांगावा लागेल.

शेड वैशालीच्या मामांचं. पूर्वी ते त्यात शेतीचे पाइप ठेवायचे. दौलताबादच्या रस्त्यावर पडेगाव मागं पडता पडता एक मोठा कडुलिंब लागतो, त्याच्या मागं. वैशाली कलाशिक्षण घेऊन, चार गावचं पाणी पिऊन परत आली आणि तिनं तिथं मातीकामाचा स्टुडिओ सुरू केला. कुणीही यावं, महिन्याची फी भरावी आणि चिखलात हात घालावेत. विजेवर फिरणारी चाकं, कोपऱ्यात विजेचीच भट्टी, भिंतीला फळ्या, आणि दाराशी हात धुवायच्या तीन बादल्या. पाणी टँकरचं, विकतचं, त्यामुळं नळाखाली हात धुवायला सक्त मनाई. आधी पहिल्या बादलीत हात बुडवायचे, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. पहिलीच्या तळाशी जो गाळ बसतो तो परत मातीच्या पिंपात जायचा. इतका नीट संसार मी माझ्या स्वतःच्या घरातही केलेला नाही.

मी शाळेत गणित शिकवत असे. निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी यांच्या भाजी चिरण्यात, पेपर वाचण्यात आणि फोनवर बोलण्यात इतक्या चुका काढल्या, की स्टुडिओची जाहिरात कापून यांनीच माझ्या चष्म्याखाली ठेवली. मीही रागाच्या भरात गेले. गेले ती तिथंच रमले. पण पहिले काही आठवडे माझे फार वाईट गेले, कारण माती माझं ऐकत नव्हती. वर्गात नुसती उभी राहिले तरी शेवटच्या बाकापर्यंत शांतता पसरायची. इथं चाकावर मातीचा गोळा ठेवला, की तो माझ्या हातातून निसटून डावीकडं पळायचा.

"काकू, तुम्ही तिला दाबताय," वैशाली म्हणायची. "नुसतं धरा. हात हलू देऊ नका. ती आपोआप मध्ये येते."

"येत नाहीये गं!"

"मग थांबा थोडं. तिला घाई नाहीये, तुम्हालाच आहे."

माझ्या मुलीपेक्षा लहान पोरगी, आणि मी तिचं निमूट ऐकत होते. शिकणारा होणं ही काय चीज आहे, हे इतकी वर्षं शिकवूनही मला ठाऊक नव्हतं. ज्या दिवशी गोळा पहिल्यांदा मध्यावर बसला, हाताखाली नुसता गुळगुळीत फिरत राहिला, त्या दिवशी मी घरी येऊन यांना गोडाचा शिरा करून घातला. आता नवख्यांना मध्य धरायला मीच शिकवते, आणि "थांबा थोडं" हे दोन शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज येतात की यांचा त्यावर विश्वास बसत नाही.

स्टुडिओत एक रीत होती, आणि ती मला माती हातात येण्याच्याही आधी आवडली. भांडं दोनदा भाजायचं. पहिल्या भाजणीनंतर ते विटकरी, खरखरीत होतं. मग त्याला ग्लेझ लावायचं, म्हणजे काचेचा पातळ लेप, आणि दुसऱ्यांदा भाजायचं. दुसऱ्या भाजणीतून आलेलं प्रत्येक भांडं पाण्यानं भरून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवायचं. सकाळी कागद कोरडा तर भांडं पास. ओला तर नापास. वैशालीचं ब्रीदच होतं, की पाणी झिरपलं तर ते भांडं नव्हे. अशी स्वच्छ परीक्षा मिळाल्यावर मी काय सोडते! परीक्षकाचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. सकाळी आल्या आल्या भांडी उचलून कागद बघायचे आणि मोठ्यानं निकाल सांगायचे. माझी स्वतःची भांडी नापास झाली तरी तेवढ्याच मोठ्यानं सांगायचे, हे मात्र नमूद करते.

अप्पा आले ते असेच एका निकालाच्या वेळी. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, टोपी, काखेत कापडी पिशवी. मला वाटलं, शेजारच्या शेताचे मालक असतील, बांधावरून काही तक्रार घेऊन आले असतील. ते दारात उभं राहून बराच वेळ चाकाकडं बघत राहिले.

"इथं गाडगी-मडकी करायला शिकवतेत म्हनं. व्हय का?"

"हो काका, या ना," वैशाली म्हणाली.

"अप्पा म्हन. समदे अप्पाच म्हणतेत." ते आत आले, तिन्ही बादल्या नीट निरखल्या, आणि म्हणाले, "मला एक घागर करायची हाय. एकच. आखिजीच्या आत झाली पाहिजे. झाली की मी चाललो."

आखिजी म्हणजे अक्षय तृतीया. आपल्याकडं त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरतात, वर खरबूज नाही तर आंबा ठेवतात, पुरणाचा, आमरसाचा नैवेद्य दाखवतात. घराघराची रीत थोडी वेगळी असते. अप्पांच्या घरी ती घागर नंतर उन्हाळाभर घरातच वापरायची, सगळ्यांनी तिचंच पाणी प्यायचं. त्यांची पत्नी कौसल्याबाई मागच्या दिवाळीच्या तोंडावर गेल्या होत्या. त्यांच्या नावाची ही पहिली घागर.

"मग शहागंजात जा की अप्पा," मी म्हणाले. "ढिगानं घागरी बसल्यात तिथं. इथं तुम्हाला शिकायलाच दोन महिने जातील."

अप्पा चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "गेलो होतो ना बाई. दोनदा-तीनदा गेलो. घागरीम्होरं उभा राह्यलो आन् तसाच माघारी आलो."

मी बाई झाले ती तेव्हापासून. शाळा सुटली तरी बाईपण सुटलं नाही.

माघारी का आले, ते मग हळूहळू कळलं. पाचोडला त्यांची शेती. तिथल्या आठवडी बाजारात घागर घ्यायची ती कौसल्याबाईंनीच. "एकेक घागर उचलायची, टिचकी मारायची, कानाशी धरायची," अप्पा सांगायचे. "ही नको. ही बी नको. कुंभार तिला लांबून बघितलं की आधीच हात जोडायचा. म्हणायचा, काकी, आज तरी पहिल्या धा घागरींत एक पास करा. मी आपला उन्हात फटफटी धरून उभा. मला समद्या सारख्याच वाजायच्या. पर तिनं आणलेली घागर कधी बद्द निघाली नाय बगा. आन् पाणी असं गार, असं गोड!"

मग गुडघे गेले तसे दोघं मुलाकडं आले, बीड बायपासच्या फ्लॅटमध्ये. घरात फिल्टर, घरात फ्रिज. घागर मात्र ठेवता येईना, कारण झिरपणीनं स्वयंपाकघरातलं प्लायचं कपाट फुगायला लागलं. "सूनबाईचं बी चूक नाय. नवं घर, हप्ते चालू," अप्पा म्हणाले. "पर तो सबंद उन्हाळा ती म्हणत राह्यली, पाणी गोड लागत नाय. फ्रिजचं दिलं तर म्हणायची, दात ठणकतेत. साधं दिलं तर म्हणायची, कोमट हाय. शेवटच्या टायमाला बी तिनं..." इथं ते थांबले आणि चाकाकडं बघायला लागले. "आता तिच्या नावाची घागर आणायची तर मी कशी आणू? मला पारख नाय. बद्द निघाली मंजी? म्हून म्हणलं, पारखता येत नाय तर निदान आपल्या हातानं करावी. मंग वाईट निघाली तरी ती बोलायची ती मलाच बोलंल."

मी उठून त्यांच्यासाठी एक ॲप्रन शोधून आणला. मला हा माणूस त्याच क्षणी आवडला, आणि मी त्या दिवसापासून त्यांच्याशी भांडायला सुरुवात केली. मी आवडत्या माणसांशीच भांडते, हे आमचे हे कुणालाही सांगतील.

तो चैत्र कसा भरून आला होता! सकाळी स्टुडिओत पोचेपर्यंत मान भाजायची, पण शेडच्या आत पाऊल टाकलं की ओल्या मातीचा गारवा पायाला लागायचा. पत्र्यावर वैशालीनं उसाचं पाचट अंथरून पाणी मारलेलं असायचं. कडुलिंबाची बारीक पांढरी फुलं वाऱ्यानं आत यायची आणि ओल्या भांड्यांना चिकटून बसायची. काही तशीच भट्टीत जायची आणि भांड्यावर नुसता त्यांचा ठसा उरायचा. दुपारी कुणीतरी टरबूज कापायचं. अप्पा डब्यातून शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची भाकरी आणायचे आणि मला आग्रहानं वाढायचे. चिखलाचे हात तिन्ही बादल्यांत धुवून आम्ही कडुलिंबाखाली जेवायचो. माझ्या शाळेतल्या जेवणाच्या सुट्ट्या इतक्या सुखाच्या कधीच नव्हत्या.

मातीशी अप्पांचं पहिल्या दिवशी जमलं नाही. जन्म काळ्या रानात गेलेला. स्टुडिओची तांबूस माती चिमटीत घेऊन त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "हिच्यात काय पिकत नसंल." चाकावर तर त्यांची माझ्यापेक्षा वाईट गत झाली. हात एवढे मोठे, की गोळा त्यात सापडायचाच नाही. शेवटी वैशालीनं त्यांना चाकावरून उठवलं आणि मातीच्या लांब वळ्या करून एकावर एक रचायला शिकवलं. आतून हात धरायचा, बाहेरून लाकडी थापीनं हलकं ठोकायचं. ते मात्र त्यांना साधलं. थप, थप, थप, असा आवाज सकाळभर चालायचा. त्यांच्या पहिल्या दोन घागरी वाळताना चिरल्या. तिसरी पोटात बसली. दरवेळी ते पिंपाशी जायचे, माती परत भिजत टाकायचे, आणि म्हणायचे, "दुबार पेरणी."

त्यांना एक सवय लागली, आणि ती आम्ही कुणी फारशी मनावर घेतली नाही. भट्टी उघडली की ते प्रत्येक भांडं उचलायचे. कप असो, कुंडी असो. टिचकी मारायची, कानाशी धरायचं, खाली ठेवायचं.

"काय ऐकता अप्पा?" वैशाली विचारायची.

"काय नाय. बगतो, काय म्हणती."

पुढं पुढं ते मला डिवचायला लागले. मी भांडी भरून कागदावर मांडत असले की मागून म्हणायचे, "बाई, तो निळा गिलास नापास हुईल बगा." सुरुवातीला त्यांचे अंदाज साफ चुकायचे आणि मी ते सगळ्यांना ऐकवायचे. चैत्र अर्ध्यावर येता येता माझं ऐकवणं कमी झालं. मी त्याचं कारण स्वतःला सांगितलं नाही. परीक्षक मी होते.

अखेर अप्पांची घागर उभी राहिली. गोल पोट, आखूड मान, बाहेर वळलेला काठ. थापीच्या खुणा अंगभर, पण डौल असा की वैशालीनं तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. पहिली भाजणी नीट झाली. आता ग्लेझ. इथं मी पुढं झाले. "अप्पा, सूनबाईंच्या कपाटाचा प्रश्न आहे ना? मग अशी करू, की एक थेंब बाहेर येणार नाही." रंग मीच निवडला, मोरपंखी. वैशालीनंही मान डोलावली, आणि आतून-बाहेरून घट्ट लेप दिला. अप्पांनी तर हात जोडले. भट्टीचं दार उघडलं तेव्हा ती घागर आत अशी चमकत होती, की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तिला भरून कागदावर ठेवलं. सकाळी कागद खडखडीत कोरडा. इतक्या आनंदानं मी आयुष्यात कुणाला पास केलं नसेल.

नवी घागर वापरण्याआधी पाण्यानं भरून ठेवायची असते, मातीचा वास जावा म्हणून. अप्पांनी ती शेडमध्येच भरून ठेवली. अक्षय तृतीया आता अगदी तोंडावर आली होती. दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी तिच्यातून एक तांब्या पाणी काढलं, एक घोट घेतला, आणि तांब्या माझ्याकडं केला.

"बाई, जरा पिऊन बगा."

मी प्याले. अंघोळीला काढावं तसं पाणी होतं.

"ही घागर नाय बाई," अप्पा अगदी हळू म्हणाले. "ही बरणी हाय."

वैशालीनं कपाळावर हात मारला. घागर गार करते ती झिरपते म्हणूनच. अंगातून पाणी पाझरतं, वारा लागतो, ते वाळतं, आणि आतलं पाणी थंड होतं. हे आम्हा तिघांपैकी कुणाला ठाऊक नव्हतं? मी मुलांना विज्ञानाच्या तासाला ते शिकवलेलंसुद्धा होतं, दुसऱ्या बाईंच्या बदली गेले तेव्हा. अप्पांचा तर जन्म घागरीच्या पाण्यावर गेला. पण 'झिरपता कामा नये, झिरपता कामा नये' हे त्या शेडमध्ये आम्ही इतकं घोकलं होतं, की घागरीनं झिरपायचं असतं हेच विसरून बसलो. मला आधी हसू आलं. मग अप्पांचं तोंड दिसलं, आणि मी तांब्या खाली ठेवला. कोमट पाणी. कौसल्याबाईंच्या नावानं पुन्हा तेच कोमट पाणी.

नवी घागर करायला आता वेळ नव्हता. ओली घागर भट्टीत घातली तर फुटते.

"चला अप्पा, शहागंजात जाऊ," मी म्हणाले. "मी येते बरोबर. मी पारखते."

"तुमची पारख पेपरावरची, बाई," अप्पा म्हणाले. रागानं नाही, पण अगदी खरं.

तेव्हा वैशाली उठली आणि मागच्या फळीकडं गेली. तिथं एकदाच भाजलेली, ग्लेझची वाट बघणारी भांडी होती, विटकरी, कोरी, न वापरलेली. "अप्पा," ती म्हणाली, "ही सगळी झिरपणारी आहेत. यात चार-पाच घागरीच्या आकाराचीही आहेत. बघता का?"

अप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर झटकली, परत घातली, आणि फळीशी जाऊन उभे राहिले. पहिली घागर उचलली. टिचकी. कान. "ही नको." दुसरी. "ही बी नको." त्यांचा आवाज बदलला होता, किंचित चिडका, घाईत नसलेला. तो आवाज कुणाचा, ते मला न सांगता कळलं.

तिसरी माझी होती. माझी सगळ्यात देखणी घागर, चाकावर एका दमात उठलेली. ती मी वैशालीच्या प्रदर्शनासाठी राखून ठेवली होती. तरी त्या क्षणी मनापासून वाटलं, घ्यावी त्यांनी. अप्पांनी टिचकी मारली. पुन्हा मारली.

"बद्द हाय."

"काय बोलता! हिला कुठं काय झालंय?" मी अशी तडकले, की बाकीचे चाकावरून बघायला लागले. तिथल्या तिथं घागर भरून कागदावर ठेवली. मानेपासून खाली एक काळपट रेघ उतरत गेली, आणि बघता बघता कागदावर तळं झालं.

"झिरपणं येगळं, गळणं येगळं," अप्पा म्हणाले, आणि पुढं सरकले.

शेवटी त्यांचा हात फळीच्या अगदी मागं गेला. तिथून त्यांनी जी घागर बाहेर काढली ती बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीही माझीच, माझी पहिली. पोट एका अंगाला सुटलेलं, मान तिरकी. कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून मीच ती कुंड्यांच्या मागं ढकलली होती. अप्पांनी टिचकी मारली. त्यांनी डोळे मिटले. मग घागर माझ्या कानाशी धरली आणि पुन्हा टिचकी मारली. स्टीलच्या वाटीवर चमचा वाजावा तसा स्वच्छ, लांब आवाज आला. इतके महिने मी भांड्यांच्या बुडाखालचे कागद बघत होते, भांड्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"ही," अप्पा म्हणाले.

"अहो, वाकडी आहे ती!"

"पाण्याला काय करायचं वाकडं-सरळ."

"आणि अप्पा," माझ्यानं राहवलं नाही, "ती तुमच्या हातची नाही. तुम्हाला तर स्वतःच्या हातची द्यायची होती ना?"

ते माझ्याकडं बघून हसले. दोन महिन्यांत इतकं मोकळं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. "बाई, तिनं तरी आयुष्यात कुठं एक घागर केली? तिनं पारखून आणली. आता मी बी पारखून नेऊ राह्यलो."

मोरपंखी घागर त्यांनी जाताना माझ्या हातात दिली. "ही तुम्हाला. कैऱ्या आल्या की लोणचं घाला. एक थेंब झिरपायचा नाय, तुम्हीच पास केली हाय." तेव्हापासून आमचं लोणचं तिच्यात मुरतं. आणि 'एकच घागर झाली की चाललो' म्हणणारे अप्पा काही गेले नाहीत. दर वर्षी आखिजीच्या आधी ते त्या मागच्या फळीशी उभे राहतात आणि आम्ही सगळे हातातलं काम टाकून निकालाची वाट बघतो. माझ्या कागदाच्याही आता दोन रांगा आहेत. एका रांगेत झिरपलं तर नापास, दुसऱ्या रांगेत न झिरपलं तर. उन्हाळी वर्गाची नवी मुलं विचारतात, बाई, असं कसं? मी म्हणते, आधी सांगा, भांडं कशासाठी करताय? या रविवारी अप्पा पुन्हा येणार आहेत. माझ्या दोन घागरी फळीवर आहेत. एक देखणी आहे. ती मी मुद्दाम मागं ठेवली आहे.

पण आज मनात घोळतंय ते त्या पहिल्या वर्षीचं. अप्पांनी आग्रहानं जेवायला बोलावलं होतं. आम्ही दोघंही गेलो. फ्लॅटच्या स्वयंपाकघरात खिडकीखाली पाट मांडला होता, ताटात गहू पसरून त्यावर माझी ती तिरकी घागर, गळ्यात मोगऱ्याचा गजरा, तोंडावर केशर आंबा. अंगावर सगळीकडून ओल धरली होती आणि ताटातले गहू खालून भिजून फुगायला लागले होते. मला एकीकडं अभिमान वाटत होता आणि एकीकडं ते प्लायचं कपाट दिसत होतं. नैवेद्य झाला, पंगत झाली. मग अप्पांनी घागर उचलून बाल्कनीकडं न्यायला घेतली.

"अप्पा, कुठं नेताय?" सून म्हणाली. तिनं ओट्याच्या कडेला, भिंतीलगत जागा करून ठेवली होती. खाली पितळी परात, परातीत वाळू. "इथं राहू द्या. झिरपलं तर झिरपलं. परात आहे."

अप्पांनी घागर परातीत ठेवली. आंबा काढून बाजूला ठेवला, स्टीलचा पेला आत बुडवला, आणि ओट्याला टेकून, घोट घोट करत, सगळा पेला संपवला. त्यांच्या मनगटावरून एक ओघळ सदऱ्याच्या बाहीत गेला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. त्यांनी मात्र आमच्याकडं बघितलं नाही. घागरीच्या ओल्या पोटावर हात ठेवून ते तिलाच म्हणाले,

"गोड हाय."